अल्पपरिचित उष्णकटिबंधीय मुंगी: ओळख पटवण्यापासून शास्त्रीय वर्णनापर्यंत

वर्षावनातल्या पालापाचोळ्यातून दोन-अडीच मिलिमीटरची, तपकिरी, संथ चालीची एक मुंगी हाती लागते. ओळखसूचीत, म्हणजे लक्षणांचे पर्याय निवडत नावापर्यंत नेणाऱ्या यादीत, ती कुठेच बसत नाही आणि जाणकारांना फोटो दाखवला तरी कुणी छातीठोकपणे नाव सांगत नाही. मग मनात पहिला विचार येतो, ही नवी जात असेल का? उष्ण प्रदेशात तो विचार मुळीच वेडगळ नाही. जगभरात मुंग्यांच्या १४,००० हून अधिक जातींना आजवर नावं मिळाली आहेत. ज्यांना ती मिळायची आहेत, त्यांतल्या बहुतेक उष्णकटिबंधातच आहेत.

पण तितक्याच दाट शक्यता आणखीही आहेत. मुंगी नेहमीच्या जातीची असेल, फक्त तिचं हे रूप आपण पाहिलेलं नसेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चार ओळींत वर्णन झालेली आणि नंतर कुणी न उघडलेली जात असेल. किंवा शेजारच्या देशात वेगळ्या नावाने नोंदलेली असेल. या सगळ्या शक्यता एकेक करून निकालात काढणं हेच खरं काम आहे. मुंगीचं वर्णन म्हणजे तिचं शब्दचित्र, असं समजून सुरुवात केली की हे काम बाजूला पडतं. वर्णन ही मुळात तुलना आहे. आपली मुंगी तिच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकांपासून नेमकी कशी वेगळी, हे दुसऱ्या माणसाला स्वतः तपासता आलं पाहिजे.

गोळा करताना

आधी परवानगी घ्या. संरक्षित क्षेत्रात नमुने गोळा करायला, ते देशाबाहेर न्यायला किंवा पाठवायला बहुतेक देशांत लेखी परवाना लागतो. जैविक संपत्तीच्या वापरावरचा आंतरराष्ट्रीय नागोया करार १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाल्यानंतर हे नियम पुष्कळ ठिकाणी अधिक काटेकोर झाले. परवान्याचा क्रमांक पुढे शोधनिबंधात द्यावा लागतो, त्यामुळे ही पायरी नंतर भरून काढता येत नाही.

पाचोळ्यातल्या मुंग्यांसाठी विंकलर पिशवीला तोड नाही. पाचोळा चाळणीतून चाळायचा, खाली पडलेला बारीक भाग जाळीच्या पिशवीत भरायचा आणि ती पिशवी बंद कापडी आवरणात टांगून ठेवायची. पाचोळा सुकू लागतो, मुंग्या बाहेर पडतात आणि तळाशी बांधलेल्या अल्कोहोलच्या भांड्यात जमा होतात. साधारण ४८ तास लागतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत २०० मीटरच्या रेषेवर दर १० मीटरला १ चौरस मीटर पाचोळा घेतात, म्हणजे २० नमुने होतात. जोडीला जमिनीत पुरलेले २० पेल्यांचे सापळे असतात. नुसत्या डोळ्यांनी शोधून या मुंग्या फारशा सापडत नाहीत, कारण धक्का लागताच पाय आखडून निपचित पडण्याची सवय त्यांतल्या अनेकींना असते. काहींच्या अंगावर मातीचा थरही असतो.

तरीही शक्य असेल तिथे घरटं शोधाच. कुजक्या फांदीत, दगडाखाली, वाळलेल्या शेंगेत, मुळांच्या जाळ्यात. पाचोळ्याच्या एका नमुन्यात सापडलेल्या दोन मुंग्या एकाच जातीच्या असतील याची हमी नसते. एका घरट्यातून कामकरी, राणी आणि नर एकत्र मिळाले, तर ते एकाच जातीचे असण्याचा तो जवळपास पक्का पुरावा असतो. घरातच दुसरी परजीवी जात राहत असल्याचा अपवाद तेवढा लक्षात ठेवायचा. एका घरट्यातले दहा-पंधरा कामकरी हे दहा ठिकाणच्या दहा सुट्या मुंग्यांपेक्षा ओळखीच्या दृष्टीने मोलाचे असतात, कारण एका जातीत किती फरक पडू शकतो याचं पहिलं माप तिथेच मिळतं.

नमुने थेट ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका. कमी तीव्रतेत डीएनए खराब होतो. बाटलीच्या आत, बॉलपेनने नव्हे तर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी. तीत देश, प्रदेश, ठिकाण, दशांश स्वरूपातले अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, अधिवास, गोळा करण्याची पद्धत आणि गोळा करणाऱ्याचं नाव येऊ द्या. महिना रोमन आकड्यात लिहायची जुनी पद्धत आजही उत्तम आहे, तारीख आणि महिना यांची अदलाबदल होत नाही. जिवंतपणी दिसलेलं सगळं त्याच दिवशी वहीत उतरवा: चाल, तोंडात काय होतं, घरट्याचं तोंड केवढं, पंखवाली मुंगी दिसली का. मेलेल्या नमुन्यातून ही माहिती पुन्हा मिळत नाही.

टाचणीवर चढवणं

लहान मुंगीला टाचणी टोचत नाहीत. जाड, आम्लरहित कागदाचा छोटा निमुळता त्रिकोण कापून टाचणीवर चढवतात आणि त्याच्या टोकावर, पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाच्या थेंबाने, मुंगी चिकटवतात. गोंद मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडाखाली, उजव्या बाजूने लागावा, म्हणजे डावी बाजू पूर्ण मोकळी राहते. कमरेवर किंवा धडाच्या खालच्या भागावर गोंद पसरला, तर नेमकी ओळखीची लक्षणं झाकली जातात. पाय आणि स्पृशा, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, शरीरापासून दूर राहतील असे बसवा. एकाच घरट्यातल्या तीन मुंग्यांपर्यंत एका टाचणीवर ठेवण्याची प्रथा आहे. पण जो नमुना पुढे होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा अधिकृत आधार-नमुना, होऊ शकतो, तो एकटाच ठेवा. काही नमुने अल्कोहोलमध्येच राहू द्या.

अंगावर माती असेल तर इथेनॉलमध्ये भिजवलेल्या अगदी बारीक कुंचल्याने ती काढा, पण केसांना जपून. पुढे दिसेल की पुष्कळदा सगळा निकाल दोन केसांवर लागतो.

आधी उपकुळ, मग जीनस

उपकुळ म्हणजे मुंग्यांच्या कुळाचा एक मोठा विभाग आणि जीनस म्हणजे त्यातल्या जवळच्या जातींचा गट. सूक्ष्मदर्शकाखाली पहिली नजर कमरेवर जाऊ द्या. धड आणि पोटाचा फुगीर भाग, म्हणजे गॅस्टर, यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन? दोन गाठी असतील तर उष्ण प्रदेशात बहुधा मिर्मिसिनी उपकुळ असतं. लांबट, सडपातळ अंग, मोठे डोळे आणि झाडावरचं राहणं असेल तर स्यूडोमिर्मिसिनी तपासा. डोळे नाहीतच किंवा ठिपक्याएवढे असतील, तर डोरिलिनी आणि जमिनीखालच्या लेप्टानिलिनीचाही विचार करा.

एकच गाठ असेल तर गॅस्टरचं टोक पाहा. तिथे गोल छिद्र आणि बहुधा त्याभोवती केसांची झालर असेल तर फॉर्मिसिनी. छिद्राऐवजी आडवी फट असेल आणि नांगी नसेल तर डोलिकोडेरिनी. नांगी आहे आणि गॅस्टरच्या पहिल्या दोन खंडांमध्ये आवळल्यासारखी खाच आहे, तर पोनेरिनीकडे वळा. गॅस्टरचं टोक खाली वळून पुढे आलं असेल तर प्रोसेरॅटिनी असण्याची शक्यता मोठी. गाठ मागच्या बाजूने गॅस्टरला रुंद चिकटलेली असेल तर अँब्लिओपोनिनी.

जीनसपर्यंत जायला स्पृशेचे खंड मोजा. कामकरी मुंगीत ते बहुधा १२ असतात, पण कमी होत होत ४ पर्यंतही येतात. मोजताना पहिला लांब खंड, म्हणजे स्केप, धरायचा. टोकाकडचे किती खंड फुगून गदा झाली आहे, हे वेगळं टिपा. मग जबड्यावरचे दात, तोंडावरच्या क्लायपिअस पट्टीची पुढची कड, धडाच्या मागच्या भागावर म्हणजे प्रोपोडिअमवर काटे आहेत का, हे पाहा. ओळखसूची वापरताना प्रत्येक जोडीतले दोन्ही पर्याय पूर्ण वाचा आणि आपण कोणत्या वळणावर साशंक होतो तेही लिहून ठेवा. शेवटी उत्तर पटलं नाही, तर परतायचं तिथूनच.

रंगावर मात्र विसंबू नका. कोषातून नुकतीच बाहेर पडलेली मुंगी फिकी असते. मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या काळ्या सेफालोटिस अट्रॅटस मुंगीचा गॅस्टर एका सूत्रकृमीच्या संसर्गाने फळासारखा लाल होतो. अशा आजारी मुंग्यांना एके काळी वेगळा प्रकार मानून नावही दिलं गेलं होतं आणि खरं कारण २००८ मध्ये उलगडलं. दुसऱ्या एका गटाच्या, मर्मिथिड सूत्रकृमींमुळे तर शरीराची ठेवणच बदलते. विचित्र दिसणारी एकुलती एक मुंगी हाती आली, की परजीवीची शंका पहिल्यांदा घ्यावी.

लिंग आणि श्रम-विभागणीचीही हीच गोष्ट. फिडोली या १,००० हून अधिक जातींच्या जीनसमध्ये मोठ्या डोक्याची आणि लहान डोक्याची कामकरी इतक्या वेगळ्या दिसतात, की त्या एकत्र सापडल्या नसत्या तर बहिणी वाटल्याच नसत्या. लिनिअसने १७६४ मध्ये एका डोरिलस मुंगीच्या नराला गांधीलमाशी समजून व्हेस्पा हेल्व्होला असं नाव दिलं होतं.

एका जीनसकडे जवळून

स्ट्रुमिजेनिस घेऊ, कारण पाचोळ्यातली अनोळखी मुंगी पुष्कळदा हीच निघते. या जीनसमध्ये ८०० हून अधिक जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या उष्ण वा उबदार प्रदेशांतल्या. डोकं मागे रुंद आणि पुढे निमुळतं, स्पृशेचे खंड ४ ते ६, कमरेच्या गाठींभोवती फिकट, स्पंजासारखं जाळीदार ऊतक. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की जीनसबद्दल फारशी शंका उरत नाही.

खरी गंमत पुढे सुरू होते. जबडे काही जातींत लांब, सरळ आणि झटक्यात मिटणारे असतात, तर काहींत आखूड, दातेरी आणि चिमट्यात धरून ठेवणारे. भक्ष्य म्हणजे बहुतेक वेळा कोलेंबोला, हे उडी मारणारे इवले जीव. झटक्याचे जबडे या एकाच जीनसमध्ये अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले आहेत. त्यामुळे जबडे सारखे म्हणून जाती एकमेकींच्या जवळच्या, असं म्हणता येत नाही.

जात ठरवायला इथे केसच लागतात. स्केपच्या पुढच्या कडेवर केसांची ओळ असते. ते केस स्केपच्या टोकाकडे वळलेले आहेत, की त्यांतले एक-दोन बुडाकडे? डोक्याच्या बाजूला, स्पृशा मिटून ठेवायच्या खाचेच्या वरच्या कडेवर, एक लांब केस उभा आहे का? प्रोनोटमच्या, म्हणजे धडाच्या पुढच्या वरच्या भागाच्या, खांद्यावरचा केस साधा, आखूड आहे, लांब आणि चाबकासारखा नागमोडी आहे, की नाहीच? तो तुटला असेल तर त्याचा खड्डा दिसतो. म्हणून प्रकाश वेगवेगळ्या कोनांतून टाकून पाहायचं आणि दोन्ही बाजू तपासायच्या. दोनच नमुने असतील आणि दोघींचाही तोच केस गळून गेला असेल, तर "केस नाही" असं लिहायची घाई नको. क्लायपिअसवरचे केस आणि स्पंजी ऊतक गाठीच्या बाजूला कुठवर पसरलं आहे, हेही टिपून ठेवा.

मोजमाप

जातीपातळीवरची सगळी चर्चा मापांवर टेकते. मुंगी पूर्ण समोरून पाहायची, म्हणजे क्लायपिअसची पुढची कड आणि डोक्याची मागची कड एकाच वेळी स्पष्ट दिसेल अशी. डोकं किंचित जरी कललेलं असलं तरी लांबी कमी भरते. नेहमीची मापं अशी:

- डोक्याची लांबी: क्लायपिअसच्या पुढच्या कडेच्या मध्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत, जबडे सोडून
- डोक्याची रुंदी: बहुधा डोळे सोडून, सर्वांत रुंद ठिकाणी
- स्केपची लांबी: बुडाचा सांधा आणि मान सोडून
- डोळ्याचा मोठा व्यास
- प्रोनोटमची वरून रुंदी
- वेबर लांबी: बाजूने पाहताना प्रोनोटमच्या पुढच्या उतारापासून धडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी

यांवरून निर्देशांक काढतात. रुंदीला लांबीने भागून १०० ने गुणलं की डोक्याचा निर्देशांक मिळतो. स्केपच्या लांबीला डोक्याच्या रुंदीने भागून १०० ने गुणलं की स्केपचा. स्ट्रुमिजेनिसमध्ये जबड्याच्या लांबीचाही असाच निर्देशांक डोक्याच्या लांबीशी काढतात. तुमच्या गटात आधी काम केलेल्यांनी एखादं माप वेगळ्या टोकांमधून घेतलं असेल, तर तुम्हीही तसंच घ्या आणि ते स्पष्ट लिहा. नाहीतर तुलनाच होत नाही. एवढ्या लहान मुंगीसाठी ८० ते १०० पट मोठं दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि नेत्रिकेतली मोजपट्टी लागते. मापं मिलिमीटरच्या दोन दशांश स्थळांपर्यंत द्या. पृष्ठभाग चकचकीत असेल तर नमुन्याभोवती ट्रेसिंग पेपरची नळी धरा. परावर्तित उजेड मंद होतो आणि आधी न दिसलेल्या रेघा, खळगे उठून दिसतात.

जुनी नावं, जुने नमुने

सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. अँटकॅट या सूचीवर त्या जीनसमधली सगळी नावं मिळतात, समानार्थी ठरवून बाजूला ठेवलेलीसुद्धा. तुमच्या प्रदेशातली आणि लगतच्या प्रदेशांतली सगळी नावं काढा. राजकीय सीमा मुंग्यांना नसतात. प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचा. एकोणिसाव्या शतकातली वर्णनं लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषांत असतात आणि पुष्कळदा सहा-सात ओळींतच संपतात.

त्या ओळी पुरेशा नसतात, म्हणून टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून ते नाव दिलं गेलं तो मूळ नमुना, पाहावा लागतो. जुन्या मुंगी-अभ्यासकांपैकी ओग्युस्त फोरेल यांचा संग्रह मुख्यतः जिनिव्हात आहे, कार्लो एमेरी यांचा जिनोआत, फेलिक्स सान्ची यांचा बाझेलमध्ये. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आणि हार्वर्डच्या तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयातही हजारो टाइप आहेत. अँटवेब या संकेतस्थळावर त्यांतल्या पुष्कळांचे समोरून, बाजूने आणि वरून काढलेले उत्तम फोटो आहेत. तरी फोटोत तो निर्णायक केस दिसत नसेल, तर संग्रहालयाला लिहा. नेमका प्रश्न विचारला तर तिथले लोक पुष्कळदा नवा फोटो काढून पाठवतात.

जुन्या नावांमध्ये "उपजातीचा प्रकार" अशा चार शब्दांच्या नावांची मोठी भर आहे. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार ती सहसा वैध उपलब्ध नावं नसतात. पण त्यांमागचे नमुने खरे असतात आणि तुमची मुंगी त्यांतलीच असू शकते. ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

"नवी" म्हणण्याआधी

आपल्या मुंगीत आणि जवळच्या जातीत दिसणारा फरक एकच असेल, तोही फक्त आकाराचा किंवा रंगाचा, तर मी थांबायला सांगेन. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन-तीन फरक असतील, सगळ्या नमुन्यांत टिकत असतील आणि दोन्ही जाती एकाच जागी सापडूनही मधलं रूप कुठे आढळत नसेल, तर दावा भक्कम होतो. एकुलत्या नमुन्याचं वर्णन सरसकट चूक नाही. ॲमेझॉनमध्ये मनाउसजवळ मिळालेल्या मार्शियालिस ह्यूरेका या आंधळ्या, फिकट मुंगीचं वर्णन २००८ मध्ये एकाच कामकरीवरून झालं. पण ती इतकी वेगळी होती की तिच्यासाठी स्वतंत्र उपकुळ करावं लागलं. ८०० जातींच्या जीनसमध्ये ती मोकळीक मिळत नाही.

डीएनएची मदत जरूर घ्या. सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा नेहमी वापरतात आणि एका पायातूनही तो मिळू शकतो. पण हा तुकडा मायटोकाँड्रियातला, म्हणजे फक्त आईकडून आलेला असतो. संकर किंवा वोल्बाकियासारखे जिवाणू यांमुळे त्याचं चित्र फसवं होऊ शकतं. अमुक टक्के फरक म्हणजे वेगळी जात, अशी ठरीव रेषा नाही. शरीररचना, डीएनए आणि अधिवास एकाच दिशेने बोट दाखवत असतील तेव्हाच पुढे जावं.

वर्णन लिहिताना

आधी निदान लिहा, सविस्तर वर्णन मागाहून. निदान म्हणजे ही जात इतरांपासून कशी ओळखावी ते सांगणारी मोजकी वाक्यं. तिथे जवळच्या जातींची नावं घेतलीच पाहिजेत. "डोकं मध्यम, शरीर तपकिरी, केस विरळ" या वाक्याने कुणालाच मदत होत नाही, कारण ते शेकडो मुंग्यांना लागू पडतं. त्याऐवजी असं लिहा: "स्केपच्या पुढच्या कडेवरचे सगळे केस टोकाकडे वळलेले, खांद्यावरचा केस लांब, नागमोडी, धडाची बाजू गुळगुळीत, चकचकीत. जवळच्या जातीत स्केपवरचे दोन केस बुडाकडे वळलेले आणि धडाची बाजू पूर्ण जाळीदार." वाचणारा हे पाच मिनिटांत पडताळून पाहू शकतो.

त्यानंतर वर्णन डोक्याकडून गॅस्टरकडे, ठरलेल्या क्रमाने. रचना, मग पृष्ठभागाचं पोत, मग केस, शेवटी रंग. होलोटाइपची मापं वेगळी आणि बाकीच्यांची कमाल-किमान वेगळी, किती नमुने मोजले त्या संख्येसह. जातीअंतर्गत फरकाला स्वतंत्र परिच्छेद द्या. माझ्या मते संपूर्ण लेखातला सर्वांत उपयोगी परिच्छेद तोच. पुढच्या संशोधकाच्या हातातली किंचित वेगळी मुंगी तुमच्या जातीत बसते का, हे त्याला तिथेच कळतं. राणी आणि नर मिळाले असतील तर त्यांचंही वर्णन करा. फोटो तीन दिशांनी, वेगवेगळ्या खोलीवर काढलेले थर जोडून पूर्ण स्पष्ट केलेले आणि मोजपट्टीसह हवेत. जुनी ओळखसूची असेल तर तुमची जात तिच्यात कोणत्या जोडीपाशी बसते ते दाखवा.

नाव आणि प्रकाशन

नाव विशेषण असेल तर त्याचं लिंग जीनसशी जुळावं लागतं. कॅम्पोनोटस पुल्लिंगी, फिडोली आणि स्ट्रुमिजेनिस स्त्रीलिंगी, टेट्रामोरियम नपुंसकलिंगी. व्यक्तीच्या सन्मानार्थ लॅटिन षष्ठीने नाव देताना पुरुषासाठी शेवटी "आय", स्त्रीसाठी "एई" ही अक्षरं येतात. स्वतःचंच नाव देण्याला संहितेत बंदी नसली तरी तसं सहसा कुणी करत नाही. ठिकाणावरून किंवा ठळक लक्षणावरून दिलेलं नाव मला अधिक आवडतं, ऐकणाऱ्याला त्यातून काहीतरी कळतं.

१९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या जातीनामासाठी होलोटाइप (किंवा सिंटाइप, म्हणजे एकाहून अधिक आधार-नमुने) स्पष्टपणे ठरवणं आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे ते लिहिणं बंधनकारक आहे. फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या निबंधाची झूबँक या प्राणीनामांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदणी हवी आणि तिचा उल्लेख निबंधातच हवा. ही सोय २०१२ च्या दुरुस्तीने आली. समाजमाध्यमावर किंवा बातमीत नाव आधीच फुटू देऊ नका. वर्णनाविना छापलं गेलेलं नाव शास्त्रात उपलब्ध ठरत नाही आणि पुढे गोंधळ मात्र घालतं.

होलोटाइप शक्यतो ती मुंगी जिथे सापडली त्या देशातल्या सार्वजनिक संग्रहात ठेवा आणि पॅराटाइप, म्हणजे वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने, दोन-तीन वेगवेगळ्या संग्रहालयांत वाटा. रिओ दि जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला २ सप्टेंबर २०१८ रोजी लागलेल्या आगीत तिथल्या कीटकसंग्रहाचा फार मोठा भाग जळाला. त्यातल्या ज्या जातींचे नमुने दुसरीकडे होते, त्यांचा अभ्यास पुढे चालू राहू शकला. प्रत्येक टाचणीवरचा क्रमांक, फोटो आणि डीएनएची नोंद निबंधात एकमेकांशी जोडून द्या. अल्कोहोलमधल्या उरलेल्या मुंग्यांवरही तोच क्रमांक टाका, म्हणजे उद्या कुणाला जबड्याचे स्नायू किंवा पोटातले जिवाणू तपासायचे असतील तर त्याच घरट्यातले नमुने त्याच्या हाती लागतील.